लेबल वाचा, मग कंट्रोलर घ्या

मळ्यातल्या खोपीची विजेची गरज ती किती? दोन-तीन दिवे, एक पंखा, मोबाइलचे चार्जिंग आणि फार तर कुंपणाचे झटका मशीन. पण महावितरणचा खांब लांब असतो आणि कनेक्शन मिळाले तरी शेतीच्या लाइनला वीज कधी दिवसा तर कधी मध्यरात्री येते. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याच्या भीतीने आणि विदर्भात रानडुकरे व रोही यांच्या उपद्रवाने रात्रभर काही ना काही चालू ठेवावेच लागते. अशा ठिकाणी एक पॅनल, एक बॅटरी आणि मध्ये एक चार्ज कंट्रोलर एवढ्यावर काम भागते. खरेदीला गेल्यावर पॅनलच्या वॅटवर आणि बॅटरीच्या वॉरंटीवर पुष्कळ घासाघीस होते. कंट्रोलर मात्र ‘द्या कुठला तरी’ म्हणत पिशवीत पडतो.

या संचातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी दगा देणारी वस्तू म्हणजे बॅटरी, आणि तिचे आयुष्य बरेचसे कंट्रोलरच्या हातात असते. पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात बारा-पंधरा हजारांची बॅटरी दोन वर्षांत भंगारात जाते. याचा अर्थ महागडाच कंट्रोलर घ्यावा असा मुळीच नाही. कित्येक खोप्यांवर हजार-पंधराशेचा साधा कंट्रोलर चोख काम करतो आणि तिथे पाच-सात हजारांचा बसवणे ही निव्वळ उधळपट्टी ठरते. कुठे साधा चालेल आणि कुठे चालणार नाही, याचे उत्तर पॅनलच्या पाठीवरच्या लेबलात असते. ते लेबल वाचता आले की दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबून राहावे लागत नाही.

कंट्रोलरचे काम

‘१२ व्होल्टचे’ म्हणून विकले जाणारे पॅनल प्रत्यक्षात १२ व्होल्ट देत नाही. त्यात ३६ सेल असतात. ऐन उन्हात ते सुमारे १८ व्होल्टवर सर्वाधिक शक्ती देते आणि काहीही न जोडता मोजले तर २२ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी मात्र भरून शांत झाल्यावर १२.७ व्होल्टवर असते आणि चार्ज करताना तिला १४.४ व्होल्टच्या वर फारसे चढू द्यायचे नसते. पॅनल थेट बॅटरीला जोडून ठेवले तर बॅटरी भरल्यावरही करंट जातच राहतो, आतले पाणी उकळून उडते आणि प्लेटा झिजतात.

म्हणून कंट्रोलर टप्प्याटप्प्याने चार्ज करतो. आधी पॅनल देईल तेवढा सगळा करंट बॅटरीत जाऊ देतो. व्होल्टेज १४.४ च्या घरात पोचले की ते तिथेच धरून करंट हळूहळू कमी करतो. बॅटरी भरली की १३.५ ते १३.८ च्या दरम्यान तिला नुसती तरंगत ठेवतो. रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनलकडे जाऊ देत नाही. बॅटरी फार उतरली तर लोड तोडतो. एवढी कामे नीट करणारा कंट्रोलर चांगला, मग त्याची किंमत काहीही असो.

पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी

बाजारात दोन जातींचे कंट्रोलर मिळतात. पीडब्ल्यूएम हा साधा आणि स्वस्त. तो मुळात एक झटपट चालू-बंद होणारा स्विच आहे. बॅटरी भरत असताना तो पॅनलला सरळ बॅटरीशी जोडून देतो आणि मग पॅनललाही बॅटरीच्या व्होल्टेजवर यावे लागते. दणकट बैलाला अशक्त जोडीदाराबरोबर जुंपले की त्यालाही त्याच्याच चालीने चालावे लागते, तसा हा प्रकार.

१६० वॅटचे ३६ सेलचे पॅनल घेऊ. ते १८.३ व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर देते, म्हणून ते १६० वॅटचे. पीडब्ल्यूएम त्याला १३ व्होल्टवर खाली ओढतो. अँपिअर जवळपास तेवढेच राहतात, पण ८.७ गुणिले १३ म्हणजे हाती येतात ११३ वॅट. उरलेली शक्ती पॅनलमध्येच राहून जाते.

एमपीपीटी कंट्रोलर पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि मिळालेली शक्ती आत रूपांतरित करून बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजवर देतो. व्होल्ट कमी करतो, त्या प्रमाणात अँपिअर वाढवतो. या उलाढालीत थोडी घट होते, तरी तेच पॅनल बॅटरीत ११ अँपिअरच्या पुढे करंट घालू शकते.

कागदावर एमपीपीटीचा विजय झाला, पण आपल्याकडच्या उन्हाने हा हिशेब बदलतो. लेबलावरचे आकडे सेल २५ अंश तापमानाला असताना मोजलेले असतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पॅनलचे सेल ६५-७० अंशांपर्यंत तापतात आणि दर अंशामागे व्होल्टेज सुमारे ०.४ टक्क्याने घसरते. म्हणजे १८.३ चे १५ व्होल्ट होतात. त्यातला अर्धा व्होल्ट वायरने खाल्ला तर बॅटरीच्या वर उरते ते किती! अशा दिवसांत ३६ सेलच्या पॅनलवर एमपीपीटीचा फायदा जेमतेम पाच-दहा टक्के. थंडीतल्या स्वच्छ सकाळी तो २०-३० टक्क्यांपर्यंत जातो. छोट्या पॅनलसाठी एवढ्याकरता चार-पाच हजार जास्त मोजण्यापेक्षा तेच पैसे थोड्या मोठ्या पॅनलवर घालणे शहाणपणाचे.

छतावर बसवायचे मोठे पॅनल घेतले की गणित उलटे होते. आज बाजारात ५४० वॅटच्या आसपासची पॅनल सर्रास मिळतात. वॅटमागे त्यांची किंमत छोट्या ‘१२ व्होल्टच्या’ पॅनलपेक्षा पुष्कळ कमी पडते, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. अशा पॅनलचा काम करतानाचा व्होल्टेज ४१ च्या आसपास आणि करंट १३ अँपिअर असतो. ते पीडब्ल्यूएममधून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले तर १३ गुणिले १३, म्हणजे ५४० पैकी १७० वॅट मिळणार. दोन तृतीयांशाहून जास्त पॅनल फुकट गेले. शिवाय मोकळ्या टोकांना ४९-५० व्होल्ट देणारे हे पॅनल बऱ्याच स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरला सोसणारही नाही. इथे एमपीपीटीला पर्याय नाही.

थोडक्यात, पॅनल ३६ सेलचे आणि बॅटरी १२ व्होल्टची असेल तर पीडब्ल्यूएम चालतो. पॅनलचा व्होल्टेज बॅटरीच्या दीडपटीहून बराच वर असेल तर एमपीपीटी घ्यावाच लागतो. जाहिरातीतल्या ‘तीस टक्के जादा वीज’ या वाक्यावर निर्णय सोडू नये.

तीन आकडे

पॅनल उलटे करून पाठीवरचे लेबल पाहा. त्यातले तीन आकडे टिपून घ्यायचे. व्हीओसी म्हणजे काहीही न जोडता पॅनलच्या टोकांना दिसणारा व्होल्टेज. आयएससी म्हणजे दोन टोके एकमेकांना जोडल्यावर वाहणारा जास्तीत जास्त करंट. आणि व्हीएमपी म्हणजे सर्वाधिक शक्ती मिळते तो व्होल्टेज.

पहिला आकडा कंट्रोलर जगणार की जळणार हे ठरवतो. थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३ टक्का. निफाडला जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. त्या थंडीत नुकतेच ऊन पडलेले पॅनल लेबलापेक्षा सहा-सात टक्के जास्त व्होल्टेज देते. ४९.५ चे ५३ होतात. कंट्रोलरची मर्यादा ५० व्होल्ट असेल तर तो एखाद्या गारठ्याच्या सकाळी कायमचा गेला म्हणून समजा. अशी दोन पॅनल सिरीजमध्ये जोडली तर १०० व्होल्टचा एमपीपीटीही वाचत नाही. तिथे १५० व्होल्टचा हवा किंवा पॅनल पॅरलल जोडायला हवीत.

दुसऱ्या आकड्यावरून पीडब्ल्यूएमची क्षमता ठरते. आयएससीला सव्वाने गुणायचे. १६० वॅटच्या पॅनलचा आयएससी ९.३ असेल तर ११.६ येतात, म्हणजे १५ किंवा २० अँपिअरचा कंट्रोलर घ्यावा. स्वस्त मालावर छापलेला ‘१० अँपिअर’ हा पूर्ण जोरात, बंद खोलीत, उन्हाळ्यात टिकेल याचा भरवसा धरू नये.

एमपीपीटीला हिशेब वेगळा. पॅनलचे वॅट भागिले बॅटरीचा व्होल्टेज. ५४० भागिले १२ म्हणजे ४५ अँपिअर. एवढा कंट्रोलर महाग पडतो. बॅटरी २४ व्होल्टची केली तर २२.५ अँपिअर येतात आणि ३० अँपिअरचा पुरतो. मात्र मग १२ व्होल्टचे बल्ब-पंखे थेट चालणार नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे. एक मधला मार्गही आहे. चांगला एमपीपीटी जादा वॅट मिळाले तरी स्वतःच्या अँपिअरच्या मर्यादेतच चार्ज करतो. कंपनीच्या माहितीपत्रकात तेवढ्या वॅटची मुभा असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोठे पॅनल आणि ३० अँपिअरचा कंट्रोलर अशी जोडी जमते. कडक उन्हात काही वीज वाया जाते, पण आषाढ-श्रावणातल्या ढगाळ दिवशी मोठे पॅनल उपयोगी पडते. जादा अँपिअर चांगला एमपीपीटी आवरतो. जादा व्होल्ट कुठलाच कंट्रोलर आवरू शकत नाही.

नावाजलेल्या कंपन्या हे आकडे मॉडेलच्या नावातच देतात. व्हिक्ट्रॉनचा ७५/१५ म्हणजे पॅनलच्या बाजूला ७५ व्होल्टची मर्यादा आणि १५ अँपिअर चार्जिंग. एपेव्हरच्या ट्रेसर मालिकेतला २२१० म्हणजे २० अँपिअर आणि १०० व्होल्ट. ज्या खोक्यावर पॅनलच्या व्होल्टेजची मर्यादाच लिहिलेली नाही, तो दुकानात परत ठेवावा.

नावापुरते एमपीपीटी

सहाशे-आठशे रुपयांना मिळणाऱ्या, स्क्रीन आणि यूएसबीची भोके असलेल्या चपट्या खोक्यांवर ‘एमपीपीटी’ असे ठळक छापलेले असते. आत बहुधा पीडब्ल्यूएमच असतो. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेची जाड गुंडाळी आणि उष्णता बाहेर टाकणारे अ‍ॅल्युमिनियमचे पंख लागतातच. तो हाताला जड लागतो आणि हजार रुपयांत येत नाही.

घेतलेला कंट्रोलर खरा की खोटा, हे दोन-अडीचशे रुपयांच्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळते. रात्रभर दिवे चालून बॅटरी उतरलेली असावी आणि अकरा-बाराचे स्वच्छ ऊन असावे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी प्रोब बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. समजा १३.१ दिसले. मग कंट्रोलरवर पॅनलच्या वायरी जिथे कसल्या आहेत त्या दोन स्क्रूंवर लावा. तिथे १३.३-१३.५ दिसले, म्हणजे बॅटरीच्या जवळचाच आकडा आला, तर तो पीडब्ल्यूएम आहे, खोक्यावर काहीही छापलेले असो. १६-१७ दिसले आणि बॅटरीत जाणारा करंट पॅनलकडून येणाऱ्या करंटपेक्षा जास्त निघाला, तर तो खरा एमपीपीटी. बॅटरी भरलेली असताना ही परीक्षा करू नये, कारण तेव्हा दोन्ही जातींचे आकडे फसवे येतात.

मल्टिमीटर हातात आहेच तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलेला व्होल्टेज आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवरचा व्होल्टेज जुळतात का? स्वस्त कंट्रोलरमध्ये पाव व्होल्टचा फरक सहज निघतो. बॅटरी १४.४ ला थांबायला हवी ती १४.७ ला थांबली, तर उन्हाळ्यात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर ओतत बसावे लागते.

बॅटरी कोणती आहे?

ट्यूब्युलर, जेल आणि लिथियम यांची पथ्ये वेगवेगळी आहेत. ट्यूब्युलरला १४.४ आणि अधूनमधून थोडा जास्त व्होल्टेज मानवतो. जेलला १४.१-१४.२ च्या वर नेऊ नये. लेड-अ‍ॅसिड बॅटरी जितकी तापते तितका तिला कमी व्होल्टेज लागतो. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण ०.२ व्होल्ट कमी करावे लागते. खोपीत ४० अंश असतील तर १४.४ ऐवजी १४ च्या आसपास थांबायला हवे. ज्या कंट्रोलरला तापमान कळते तो हे आपोआप करतो. आपल्या हवामानात दोन-तीनशे रुपये जास्त द्यायचेच तर ते या सोयीसाठी द्यावेत, यूएसबीच्या भोकांसाठी नव्हे.

सध्या लिथियम फेरो फॉस्फेट बॅटऱ्या आवाक्यात येऊ लागल्या आहेत. चार सेलच्या ‘१२ व्होल्ट’ बॅटरीला १४.२ ते १४.६ व्होल्ट चार्जिंग चालते, पण तापमानानुसार व्होल्टेज बदलणे किंवा लेड-अ‍ॅसिडसाठी अधूनमधून देतात ते वाढीव चार्जिंग तिला नको असते. कंट्रोलरच्या मेनूत ‘लिथियम’ लिहिलेले असले म्हणून निश्चिंत होऊ नये. तीन सेलच्या वेगळ्या लिथियम बॅटरीसाठी १२.६ व्होल्टची सेटिंगही त्याच नावाने असते. ती लावली तर आपली बॅटरी कधीच भरणार नाही. व्होल्टेजचा आकडा हाताने बदलता येईल असा कंट्रोलर घेतला तर पुढे बॅटरी बदलली तरी तोच चालतो.

लोड तोडण्याचा आकडाही तपासावा. कित्येक कंट्रोलर कारखान्यातून १०.७ किंवा ११.१ वर लावून येतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज इतकी उतरली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट साचत जाते आणि ती वर्ष-दोन वर्षांत बसते. हा आकडा ११.५ ते ११.८ च्या दरम्यान ठेवला तर रात्री एखादा तास कमी मिळेल, पण बॅटरी काही वर्षे जास्त जगेल.

जोडणीतल्या चुका

चांगला कंट्रोलरही चुकीच्या जोडणीने जातो. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, शेवटी लोड. काढताना उलट क्रम. बॅटरी पाहूनच कंट्रोलर आपला संच १२ व्होल्टचा की २४ चा हे ओळखतो. बॅटरी नसताना पॅनल जोडले तर त्याचा पूर्ण व्होल्टेज आतल्या भागांवर येतो. बॅटरीच्या प्लस टर्मिनलजवळ फ्यूज हवाच. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोडच्या टोकांना कधीही जोडू नये. सुरू होताना तो एवढा करंट ओढतो की ती टोके जळतात. तो फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडावा.

वायरीकडे तर कोणी बघतच नाही. पॅनलपासून खोप दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते. त्यातून ९ अँपिअर गेले तर अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळजवळ १.३ व्होल्ट जातात. उन्हाळ्यात पॅनलच मुळी १५ व्होल्टवर आलेले असते, तेव्हा बॅटरी पूर्ण भरतच नाही आणि दोष कंट्रोलरला लागतो. सहा स्क्वेअर एमएम घेतली तर ही घट अर्ध्याहून खाली येते. शक्य तर पॅनलच जवळ आणावे.

कंट्रोलर भिंतीवर उभा, हवा खेळेल असा लावावा. बॅटरीच्या डोक्यावर नको, कारण तिच्यातून निघणाऱ्या वाफा सर्किट खातात. गोठ्यात किंवा खोपीत मुंग्या आणि पाली ऊब शोधत आत शिरतात आणि सर्किटवर शॉर्ट करतात, म्हणून भोकांना बारीक जाळी लावावी.

एका खोपीचा हिशेब

नऊ वॅटचे तीन डीसी बल्ब पाच तास म्हणजे १३५ वॅट-अवर. २५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २००. मोबाइलचे ३०. एकूण ३६५. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साडेचार-पाच तास पूर्ण उन्हाच्या तोडीचे मिळतात. साडेचार तास आणि सगळी घट धरून ६५ टक्के उपयोग पकडला तर १२५ वॅटचे पॅनल लागते. पावसाळ्यासाठी हात थोडा सैल सोडून १६० वॅटचे घ्यावे. दीड दिवसाचा साठा आणि निम्मीच बॅटरी वापरायची असे धरले तर १०० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर पुरते. त्यावर २० अँपिअरचा, तापमान ओळखणारा, व्होल्टेज बदलता येणारा पीडब्ल्यूएम बसवावा. इथे एमपीपीटीची गरज नाही.

हाच माणूस उद्या फ्रिज किंवा चार कॅमेरे जोडणार असेल तर मात्र आजच मोठे पॅनल, २४ व्होल्टची बॅटरी आणि १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा खरा एमपीपीटी घ्यावा. आधी छोटा घेऊन मग बदलणे दोनदा खर्चाचे होते. घेताना वॉरंटी कोण देणार आणि दुरुस्ती कुठे होणार, हे विचारावे. चार्ज कंट्रोलरच्या कामगिरीसाठी आयईसी ६२५०९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा चाचणी अहवाल दाखवणारी कंपनी मिळाली तर तिला झुकते माप द्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी पॅनलच्या लेबलाचा आणि बॅटरीवरच्या माहितीचा मोबाइलवर फोटो काढून न्या. दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: पॅनलच्या बाजूला किती व्होल्ट सोसतो, चार्जिंगचा व्होल्टेज मला बदलता येतो का आणि तापमान ओळखतो का? तिन्ही उत्तरे छापील माहितीपत्रकात दाखवली तर हजार रुपयांचा कंट्रोलरही डोळे झाकून घ्या. नुसते तोंडी ‘चालेल हो’ मिळाले तर दुसरे दुकान गाठा.